टाका धरेल एवढा पत्रा

गाडीचा घसा बसलाय हे माझ्याआधी शेजाऱ्यांच्या लक्षात आलं. "हल्ली तुम्ही आलात की घरात बसल्या बसल्या कळतं," असं ते हसून म्हणाले आणि मीही हसून मान डोलावली. त्या वाक्याचा अर्थ लागला तो जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर.

रोजच्या आवाजाचं असंच असतं. तो एकदम बदलला तर माणूस दचकतो. थोडा थोडा बदलत गेला तर कान त्याच्याबरोबर सरकत राहतात. माझी गाडी चौदा वर्षांची. तिचा आवाज कधी जाड झाला, त्याच्या तळाशी खरखर कधी आली, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी एका भिंतीला लागून उभी केली, चारही काचा खाली घेतल्या आणि सुरू केली. भिंतीवरून परत येणारा आवाज खरं बोलतो. पुढून, बॉनेटखालून, जलद टकटक येत होती. शिवणयंत्र कोणी भरधाव चालवावं तशी. आणि मागून एक घोगरा, भरलेला आवाज, अॅक्सिलरेटर दाबला की छातीत घुमणारा. पाच-सात मिनिटांत पुढची टकटक विरून गेली. मागची घरघर तशीच राहिली. साहजिकच मी मागच्या आवाजाला घाबरले आणि पुढचा विसरून गेले. हा हिशेब साफ चुकलेला होता, पण ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ही गाडी मी जपली आहे. काम घरातूनच करायला लागल्यापासून ती लांब अशी गेलेलीच नाही. दोन किलोमीटर जायचं, दोन किलोमीटर यायचं, सावलीत उभी करायची, वर कापड टाकायचं. वयाच्या मानाने किलोमीटर इतके कमी, की कोणी विचारलं तर आकडा सांगताना मला जरा अभिमानच वाटायचा.

मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवली आणि मला हाक मारली, "ताई, खाली या. तुम्हीच बघा एकदा."

चौदा वर्षं जिच्यात बसतेय तिला खालून मी कधी पाहिलंच नव्हतं. वरून तकतकीत रंग, आणि खाली वाळलेला चिखल, तेलाचे जुने ओघळ आणि इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत वळणं घेत गेलेली एक तपकिरी नळी. मध्येच फुगलेली, मध्येच बारीक, जागोजाग रबराच्या कड्यांत अडकवलेली. दोन-तीन घास एकदम गिळून पडलेला साप असावा तशी.

आपण या सगळ्याला मिळून 'सायलेन्सर' म्हणतो. मेकॅनिकही म्हणतात, मीही म्हणते. खरं तर पुढे, इंजिनाला चिकटून असतो तो मॅनिफोल्ड. प्रत्येक सिलिंडरमधला धूर तो एका तोंडात गोळा करतो. मग जाळीदार लवचीक नळी, कारण इंजिन हलतं आणि नळीने त्याच्याबरोबर तुटायचं नाही. मग धुरातलं विष कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर, मग लांब नळी, मधला लहान डबा, शेवटचा मोठा डबा आणि शेपूट. यातले दोन डबे तेवढे आवाजाच्या कामाचे. बाकीचे भाग विषारी वायू माणसांपासून दूर नेतात आणि वाटेत त्यातलं विष कमी करतात. पण कानाला फक्त आवाज कळतो, म्हणून नावही आपण आवाजावरूनच ठेवलं. माझी चूक बहुधा या नावातच दडलेली होती.

मिस्त्रींनी एक जुना, टोक झिजलेला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढून मागे नळीवर ठोकत निघाले. ठण. ठण. ठण. कन्व्हर्टरच्या पुढे-मागे ठण. लांब नळीवर बराच वेळ ठण. मग मधल्या डब्याच्या जोडाशी आवाज जरा बसका झाला. शेवटच्या डब्यावर आला तो आवाज थप्प, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिथेच टेकवला आणि नुसता अंगठ्याने दाबला. तो आत गेला. सुरी साबणात जावी तितक्या सहज. गंजाचे दोन-तीन पापुद्रे सुटून त्यांच्या चष्म्यावर पडले आणि मागोमाग तांबूस पाण्याची एक धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

"पाणी?" मी विचारलं. मी काही गाडी नदीत घातली नव्हती.

"हे बाहेरचं नाही. गाडीचं स्वतःचं."

हे मला पटेना. घरी येऊन वाचलं आणि शाळेतलं रसायनशास्त्र आठवून कागदावर मांडूनही पाहिलं. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो, जळताना तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. टाकी भरून आणा आणि संपवा. जवळपास तेवढीच टाकीभर पाण्याची वाफ मागच्या नळीतून गेलेली असते. गाडी तासभर चालली तर सगळी व्यवस्था शेवटच्या डब्यापर्यंत तापते आणि वाफ वाफेच्याच रूपात बाहेर पडते. पण दोन किलोमीटरवर इंजिन बंद केलं तर? इंजिनाजवळचा लोखंडी भाग तापलेला असतो, शेवटचा डबा मात्र अजून कोमटच. वाफ तिथे पोचते, थंड पत्र्याला लागते आणि थेंब होऊन खाली बसते. इंधनातलं उरलंसुरलं गंधक आणि ज्वलनात तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात विरघळतात, म्हणजे नुसतं पाणीही नाही, सौम्य आम्ल. ते रात्रभर डब्यात साचून राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा थोडी भर.

या पाण्यासाठीच बऱ्याच डब्यांना तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. माझ्या डब्यालाही होतं. काही वर्षांपूर्वी तिथून थेंब पडताना पाहून मी कोणाकडून तरी ते बुजवून घ्यायला निघाले होते. कंटाळा केला म्हणून वाचलं. तसाही त्याचा काही उपयोग झाला नाही, गंजाच्या चिखलाने ते आपसूक बुजलं.

तर मी गाडी जपली आणि जपल्यामुळेच ती आतून सडली. वरून कापड घातलेलं, सावलीत उभी, आणि पोटात आम्ल घेऊन. टॅक्सीसारखी दिवसभर पळाली असती तर हाच डबा कदाचित आणखी काही वर्षं सहज निघाला असता. ज्या आकड्याचा मला अभिमान होता तोच आजार निघाला.

आता प्रश्न एवढाच होता की दुरुस्त करायचं की बदलायचं.

माझ्या मनात उत्तर तयार होतं: दुरुस्त. मी मुळात त्या घरात वाढले जिथे टाकणे हे क्रियापद शेवटी यायचं. भोक किती? रुपयाएवढं. मग रुपयाएवढा पत्रा लावा. मिस्त्रींपाशी हे बोलले तर ते नाही म्हणाले नाहीत. असे लोक नाही म्हणत नाहीत, ते पर्याय सांगतात आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतात.

पहिला पर्याय पेस्टचा. एक्झॉस्टसाठी मिळणारी राखाडी पुट्टी असते, भोकावर थापायची, इंजिनाच्या उष्णतेने ती दगडासारखी कडक होते. तशीच गुंडाळायची पट्टीही मिळते. पेस्ट वाईट नाही, पण ती कडक होते आणि नळी मात्र रोज तापून वाढते, निवून आकसते, शिवाय सतत थरथरत असते. कडक आणि थरथरणारं यांचा संसार फार दिवस चालत नाही. गाडी घरून गॅरेजपर्यंत न्यायला पेस्ट उत्तम. गॅरेजात पोचल्यावर पेस्ट मागणारी मी बहुधा पहिली नसेन.

दुसरा पर्याय वेल्डिंगचा. इथे मिस्त्रींनी मला जे दाखवलं त्यानंतर माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला. त्यांनी खडू घेतला आणि भोकाभोवती एक गोल काढला. मग गोलाच्या कडेने स्क्रू ड्रायव्हरने ठोकून पाहिलं. थप्प. गोल मोठा केला. थप्प. आणखी मोठा केला. असं करत करत गोल डब्याच्या दोन्ही कडांना जाऊन भिडला.

"ताई, भोक केवढं आहे ते सोडा. टाका कुठे धरेल ते बघा."

वेल्डिंग म्हणजे दोन्हीकडचा धातू वितळवून एकजीव करणं. त्याला दोन्हीकडे धातू लागतो. गंजून कागद झालेल्या पत्र्यावर ठिणगी टेकवली की तो वितळून जुळत नाही, नुसता जळून मागे सरकतो. रुपयाएवढ्या भोकाची बशी होते. तीही बुजवायला गेलं तर परात. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार म्हणतात, ते मी आजवर माणसांच्या संकटांबद्दलच ऐकलं होतं. डब्याच्या तळाला ते शब्दशः लागू होतं.

याउलट मधली लांब नळी. तिच्यावर वरून भरपूर गंज दिसत होता, मला तर तीच जास्त भयानक वाटली होती. पण तिथला आवाज ठण होता. ती इंजिनाला जवळ, रोज पुरेशी तापणारी, म्हणून आतून कोरडी. गंज फक्त अंगावरचा. तिथे एखादी चीर असती तर खुशाल वेल्डिंग करून घ्यावं, वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे एकाच नळीच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं होती, आणि डोळ्यांनी पाहून मी दोन्ही उलटी दिली असती.

(वेल्डिंग करून घेणाऱ्यांसाठी जाता जाता दोन गोष्टी. करण्याआधी बॅटरीची तार काढलेली आहे ना, हे स्वतः बघावं, कारण आजच्या गाड्यांतला संगणक त्या विजेने जाऊ शकतो. आणि ठिगळासाठी कोणी पाण्याच्या नळाचा जस्त चढवलेला जुना तुकडा आणला तर हात जोडावेत. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डिंग करणारा माणूस त्या रात्री तापाने फणफणू शकतो.)

तिसरा पर्याय बदलण्याचा. तो ऐकून घरी जी प्रतिक्रिया आली ती अपेक्षितच होती. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," नवरा म्हणाला. गाडी विकायला काढली तर काय येईल, आणि त्यातला केवढा भाग या नळीवर जाईल, हे गणित त्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत करून दाखवलं. अशा वेळी सगळे हेच गणित करतात. मला ते मुळातच गैरलागू वाटतं. गाडीची बाजारातली किंमत म्हणजे ती मला सोडून जाताना दुसरा जे देईल ते. मी ती सोडणारच नसेन तर त्या आकड्याचा माझ्याशी काय संबंध? माझा हिशेब असा की ही गाडी अजून किती वर्षं धडपणे चालेल, आणि त्या वर्षांत तिच्याऐवजी दुसरी घ्यायची तर किती जातील. तरी त्याच्या बोलण्यातला एक भाग मला नाकारता येईना. कोंबडीच जगणार नसेल तर मसाला वाया. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना म्हटलं, तोच स्क्रू ड्रायव्हर जरा गाडीच्या तळालाही लावा. सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं त्या जागा, दरवाजांखालच्या कडा, जिथे जॅक लावतात ते टोक. तिथे थप्प आलं असतं तर मी नव्या नळीचं नावही काढलं नसतं. ठण आलं. चारही कोपऱ्यांत ठण.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "सकाळी पुढून टकटक येते का?"

येते, मी म्हटलं, पण ती थांबते पाच मिनिटांत.

"थांबते म्हणूनच वाईट."

मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये सांधा बंद ठेवणारं एक पातळ गॅस्केट असतं. ते एका कोपऱ्यात जळून गेलं होतं. गार असताना तिथून धुराचा प्रत्येक झटका फट् करून बाहेर निसटायचा, तीच टकटक. लोखंड तापलं की फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो. आपल्याला वाटतं दुखणं गेलं. पण धूर नळीतून नदीसारखा वाहत नसतो, झटक्याझटक्याने येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० झटके. नुसतं उभं असताना, ८०० फेऱ्यांवर, २६-२७. प्रत्येक झटक्यामागे क्षणभर दाब कमी होतो, आणि त्या क्षणात तीच फट बाहेरची हवा आत ओढते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलेला. त्याला वाटतं धुरात ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तो तसं कळवतो, गाडीचा संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. जास्तीचं पेट्रोल जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो गरजेपेक्षा जास्त तापतो. असं वर्षभर चाललं तर जो भाग धडधाकट आहे आणि सगळ्यात महाग आहे, तोच बळी जायचा. शेजाऱ्यांना ऐकू येणारं भोक शरमेचं होतं. मला एकटीला ऐकू येणारी टकटक खरी घातक होती.

पैशापलीकडेही एक कारण होतं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं. गळती शेवटच्या डब्यात असली तर बराचसा वायू मागे निघून जातो, तेही डिकी उघडी ठेवून गाडी चालवली नाही तर. उघडी असेल तर गाडीच्या पाठीमागे तयार होणारी पोकळी तो सरळ आत ओढते. गळती पुढे, बॉनेटखाली किंवा पायांच्या खाली असली तर बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून तो माणसांपर्यंत पोचू शकतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपण म्हणतो, आज फार दगदग झाली. त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' हा जो माझा आवडता चौथा पर्याय होता, तो त्या क्षणी बाद झाला.

कन्व्हर्टर ठेवायचा की नाही यावर फार विचार करावा लागला नाही. रबरी हातोडीने हलकेच ठोकला तर आत काही खुळखुळलं नाही. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अगदी पातळ लेप. जाळी फुटली की तुकडे खुळखुळतात, वितळली की नळी तुंबते आणि गाडीला चढ चढवेना. माझी शाबूत होती. मिस्त्री मात्र एक बोलले ते लक्षात राहिलं: लोक गेलेला कन्व्हर्टर बदलतात आणि वर्षात दुसरा घालवून बसतात, कारण पहिला कशाने गेला ते बघत नाहीत. एखादा प्लग नीट ठिणगी टाकत नसतो, किंवा इंजिन तेल पीत असतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. लवचीक नळीचंही तेच. ती फाटते तेव्हा बऱ्याचदा दोष तिचा नसतो, इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती दबून गेलेली असतात.

या कन्व्हर्टरची गोष्ट मला फार आवडली. युजीन हूद्री नावाच्या फ्रेंच अभियंत्याने आधी कच्च्या तेलातून जास्त आणि चांगलं पेट्रोल काढायची रीत बसवली आणि मग १९५०च्या दशकात, त्याच पेट्रोलच्या धुराने शहरं कोंडायला लागल्यावर, तो धूर साफ करायचं यंत्र बनवायला घेतलं. स्वतःचा पसारा स्वतः आवरायला बसलेला माणूस. पण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत, आणि शिशाचा थर बसला की जाळी निकामी. त्यामुळे हे यंत्र अमेरिकेतल्या नव्या गाड्यांवर सर्रास आलं ते १९७५च्या मॉडेलांपासून, बिनशिशाच्या पेट्रोलबरोबर. हूद्री १९६२मध्येच गेला होता. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं जगातून पुरतं संपायला मात्र २०२१ साल उजाडावं लागलं.

आवाजाचा डबा त्याहून जुना. मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या अमेरिकन भावांना १८९७मध्ये त्याचं पेटंट मिळालं, म्हणजे रस्त्यावर मोटारी जेमतेम दिसायला लागल्या होत्या आणि लोक आवाजाला आधीच वैतागले होते. पुढे १९०९मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि मोटारींच्या डब्यांवरही काम केलं. त्याचे वडील मशिनगनचे जनक, आणि मॅक्सिम गनच्या आवाजाने म्हाताऱ्याचे कान गेलेले. त्या घरातल्या मुलाला शांततेचं यंत्र सुचावं यात मला काही नवल वाटत नाही.

शेवटी ठरलं ते असं. पुढचं गॅस्केट नवं. मॅनिफोल्ड, लवचीक नळी, कन्व्हर्टर, सगळं जुनंच. लांब नळी जिथपर्यंत ठण वाजते तिथपर्यंत ठेवायची, थप्पच्या एक वीत अलीकडे कापायची, आणि तिथून मागचं सगळं, दोन्ही डबे, शेपूट आणि लटकवायची रबरं, नवं. रबरं नवीच घ्या असा माझा आग्रह. जुनी ताणलेली रबरं नव्या डब्याचं वजन एका बाजूला टाकतात आणि वर्षभरात जोडच तुटतो.

धातूवरून थोडी ओढाताण झाली. साधं पोलाद सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या दोन-दोन किलोमीटरांपुढे सगळ्यात अल्पायुषी. त्यावर अॅल्युमिनियमचा थर चढवलेला प्रकार बराच बरा, फक्त जिथे कापून वेल्डिंग होतं तिथे थर जळतो आणि गंज तिथूनच शिरकाव करतो. आणि स्टेनलेस. त्यातही दोन जाती भेटतात. एकात साधारण ११ टक्के क्रोमियम, चुंबक चिकटतो, वरून थोडा तपकिरी होतो पण आरपार जात नाही. दुसऱ्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, चुंबक चिकटत नाही, गाडी भंगारात गेली तरी नळी लखलखत राहील असा. म्हणून चुंबक चिकटला की फसवलं म्हणून भांडायला उठू नये. गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायची असं मी धरलं आणि पहिल्या जातीवर थांबले. गाडीनंतरही उरणारी नळी घेऊन मी काय करणार?

काम बघायला मी थांबले. सगळ्यात जास्त वेळ नवं बसवायला लागला नाही, जुनं सोडवायला लागला. मॅनिफोल्डचे चार नट आदल्या संध्याकाळीच तेलात भिजवून ठेवले होते. तीन सुटले. चौथा हलेना. तो ज्या आटेदार दांड्यावर बसतो तो स्टड तुटून इंजिनात अडकला असता तर कामाचा पसारा दुप्पट झाला असता, म्हणून कोणी काही बोलत नव्हतं. मिस्त्रींनी गॅसच्या ज्योतीने नट लालसर होईपर्यंत तापवला, पाना लावला, थोडा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा उलटा. मग त्यातून एक बारीक, लांब कुईं निघाली, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तशी, आणि पाना फिरायला लागला. मी श्वास सोडला तेव्हा कळलं की तो धरून ठेवला होता.

जुना डबा मी मागून घेतला आणि कापून दाखवा म्हटलं. त्यांनी ग्राइंडर चालवला. आत भोकाभोकांच्या नळ्या असायला हव्यात, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विराव्यात म्हणून केलेले कप्पे असायला हवेत. एक कप्पा जागेवर होता. बाकीचे तळाशी पडले होते, तांबड्या रेतीत. ओंजळभर असेल. हातात घेतली तर ओली होती आणि तिला जुन्या नाण्यांचा वास येत होता. माझी चौदा वर्षांची काटकसर होती ती.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा गाडीला मी काहीही काम नसताना तास-पाऊण तास पळवून आणते. नवरा याला तिचा व्यायाम म्हणतो. परत आल्यावर मागच्या शेपटाला हात जवळ नेऊन बघते; कोरडी, ऊन हवा आली की बरं वाटतं.

पण पहिल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. गॅरेजमधून निघाले तेव्हा गाडी चालू आहे की बंद, हे मला काट्याकडे बघून खात्री करावी लागली. इतकी शांतता त्या गाडीत मी कधी ऐकली होती आठवेना. पहिल्या वळणावर डॅशबोर्डमधून काहीतरी किरकिरलं. पुढे मागच्या सीटखाली एक नाणं का बाटलीचं झाकण इकडून तिकडे घरंगळलं. मोकळ्या रस्त्याला लागून वेग घेतला आणि डावीकडून, पुढून, एक बारीक गुणगुण सुरू झाली. वेग वाढला की चढायची, कमी केला की उतरायची. उजवीकडे वळताना जास्त, डावीकडे वळताना नाहीशी.

गाडी कडेला घेऊन मी फोन लावला. पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय म्हटलं, तुम्ही काही हलवलं का तिथे?

"बेअरिंग असणार," मिस्त्री म्हणाले. "ते आधीपासूनच असणार, ताई. इतके दिवस ऐकू येत नव्हतं. सोमवारी घेऊन या."